ओलं सरपण

काटा हलेना.

पहाटे सहाला तो अकराशे साठावर येऊन टेकला होता, आणि अकरा वाजले तरी रुसलेल्या जावयासारखा तिथंच बसून होता. झिलई वितळायला बाराशे साठ लागतात. उरले होते फक्त शंभर अंश. पण भट्टीचे शेवटचे शंभर अंश पहिल्या हजारापेक्षा जास्त लाकूड खातात, हे या घरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

एकवीस दिवसांपूर्वी तिघा भावंडांनी एका कागदावर सह्या केल्या होत्या. मजकूर दोनच ओळींचा. ही भट्टी नीट भाजली, तर लाकडाची भट्टी चालू राहील. नाही भाजली, तर ती पाडायची आणि त्या जागी धाकटे काका गॅसची भट्टी बसवणार. थोरल्या दादांनी सही केली ती रागात, काकांनी केली ती घाईत, आणि मधल्या बहिणीने, जिला सारं घर मास्तरीण म्हणतं, चष्मा पुसून, मजकुरातल्या दोन चुका सुधारून मग केली. सूनबाईची, म्हणजे दादांच्या सुनेची, सही कुणी मागितली नव्हती.

आणि भट्टीच्या पोटात तर सूनबाईचे रांजण उभे होते. कमरेएवढे उंच, अकरा. चार महिने ती तेवढंच करत होती. काकांच्या गॅसच्या भट्टीचं चित्र तिने पाहिलं होतं. लहानशा कपाटाएवढी ती भट्टी. तिच्यात कपबशा मावतील, वाट्या मावतील, रांजण मावायचा नाही. तसं तिने बोलूनही दाखवलं होतं. त्यावर काका म्हणाले होते, "अगं, मग माल बांधायला लागेलच की कुणीतरी. सावलीतलं काम. बसून करायचं." हे ते अगदी मायेनं म्हणाले होते, म्हणूनच तिला जास्त झोंबलं होतं.

"घाल!" दादा ओरडले.

भट्टीच्या डाव्या तोंडाशी उभ्या असलेल्या तिच्या नवऱ्याने चार ओंडके आत सारले. दादांनी उजव्या तोंडातून चार सारले. धुराड्यातून काळा लोट निघाला, शेजारच्यांनी खिडक्या लावून घेतल्याचे आवाज आले, आणि काटा होता तिथंच राहिला.

"आणखी घाल."

"दादा, आधीचेच पेटले नाहीत," नवरा म्हणाला. तो दिवसातून मोजून दहा वाक्यं बोलतो. त्यातलं एक असं वाया गेलं.

"तुला विचारलं का? घाल."

जाळाजवळ दादांचाच शब्द, हा घराचा नियम. आत काडी टाकायची तरी त्यांना विचारून. सूनबाई नुसती बघत होती. आत गेलेल्या ओंडक्यांच्या कापलेल्या टोकांवर फेस येत होता, बारीक, पांढरा, तोंडाला यावा तसा. आणि आवाज. कोरडं लाकूड तडतडतं. हे चरचरत होतं, सुस्कारे सोडत होतं. ती सुताराची मुलगी. लाकूड रडायला लागलं की ते तिला शेजारच्या खोलीतूनही कळतं.

ती रचलेल्या ढिगाकडे गेली, दोन ओंडके उचलले आणि एकमेकांवर आपटले. टण् असा आवाज यायला हवा होता. आला तो उशी बडवल्यासारखा. तिने दुसरे दोन घेतले, ढिगाच्या मधल्या थरातले. तोच आवाज. सालीखाली बोट घातलं तर बोटाला बुरशी लागली.

"काय ठोकतेस?" दादांनी मागून विचारलं. "दार आहे का ते?"

तिने वळून बघितलं. दादांची नजर तिच्या हातातल्या लाकडावर नव्हती, तिच्या बोटावरच्या बुरशीवर होती. आणि लगेच ती दुसरीकडे गेली.

म्हणजे यांना माहीत आहे, सूनबाईच्या मनात आलं, आणि तिला आतून असा संताप आला की तिने ओंडके खाली ठेवले नाहीत, टाकले.

*

धाकटे काका बाहेरच्या बाकावर खोकत बसले होते. त्यांचा खोकला जुना, भट्टीइतकाच ओळखीचा. तिसाव्या वर्षी लागला, आता पन्नास उलटली. डॉक्टर एकच गोष्ट सांगतात, धुरातून उठा. काकांना गॅसची भट्टी हवी होती ती काही दादांची जिरवायला नव्हे. त्यांना बटण दाबून घरी जायचं होतं आणि रात्रभर आडवं होऊन झोपायचं होतं. एवढ्या साध्या इच्छेसाठी सख्ख्या भावाशी वैर घ्यावं लागतं, याचं त्यांना फार वाईट वाटे.

आता सगळं आपोआप होत होतं. सुंठीवाचून खोकला जावा तसं. त्यांना आनंद व्हायला हवा होता, पण होत नव्हता. भावाला सकाळपासून त्या तोंडाशी वाकलेलं उलट बघवत नव्हतं.

मास्तरीण चहा घेऊन आली. एक पेला त्यांना दिला, एक स्वतः घेतला.

"तू काय म्हणतेस, ताई? चढेल?"

"काय घालताय त्यावर आहे."

"लाकूड घालतोय. दगड नाही." काका उठले. त्यांनी मनाशी काहीतरी ठरवलं होतं आणि ते चांगलं होतं, असं त्यांना वाटत होतं. ते भट्टीपाशी गेले आणि दादांच्या खांद्यावर हात ठेवला. "दादा. ऐक माझं. यात तुझा दोष नाही."

दादा वळले.

"भट्टी म्हातारी झाली. वडिलांनी बांधली त्याला बेचाळीस वर्षं झाली. मागची कमान बघ, चीर गेलीय. सगळी ऊब तिथून जाते. आता कितीही घाल, ही चढायची नाही. माणूस थकतो तशी वास्तूही थकते. तिला सुखानं जाऊ दे."

हे ऐकायला फार छान होतं. सूनबाईने सासऱ्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि तिच्या लक्षात आलं की त्यांना ते पटतंय. पटतंय असंही नाही. त्यांना ते हवंय.

"चीर तीन वर्षं आहे," ती म्हणाली. "मागच्या दोन भट्ट्या त्याच चिरेसकट भाजल्या."

"सूनबाई, मोठ्यांचं चाललंय," काका म्हणाले.

"हो, आणि रांजण माझे आहेत. काका, हे हातात धरा." तिने ओंडका त्यांच्या हातात दिला. काकांनी घेतला आणि हात किंचित खाली गेला. आयुष्यभर लाकूड वाहिलेला माणूस. वजनावरून त्यांना लगेच कळलं. त्यांनी तोंडात मिठाची गुळणी धरली.

"बोला की. जड आहे की नाही?"

"आहे थोडं."

"आत्या, तुम्ही धरा."

मास्तरणीने चहाचा पेला बाकावर ठेवला. बत्तीस वर्षं तिने मुलांना विज्ञान शिकवलं होतं, आणि निवृत्त झाल्यापासून कुणी प्रश्न विचारला की तिला तरतरी येई. तिने ओंडक्याचं टोक नाकाशी नेलं, नखाने खरवडलं.

"हे ओलं आहे," ती म्हणाली. "पुरतं ओलं. दादा, झाड वीस-पंचवीस वर्षं ऊन खातं आणि अंगात साठवतं. आपण जाळतो म्हणजे तेच ऊन परत मागतो. पण आत पाणी असलं तर ते आधी आपला वाटा घेतं. त्याची वाफ होईपर्यंत भट्टीला काही मिळत नाही. सकाळपासून आपण भट्टी तापवत नाही आहोत. पाणी उकळतोय आणि धुराड्यातून वर सोडतोय."

"शाळा सुटून सहा वर्षं झाली, मास्तरीणबाई. घंटा वाजवू नकोस."

"मग तू सांग, हे ओलं नाही."

दादा जाळाकडे वळले.

"दीड वर्षं रचून ठेवलेलं सरपण," मास्तरीण म्हणाली. तिच्या आवाजात आता वर्गातला जुना सूर आला होता, खोडी कुणी काढली ते हुडकणारा. "छपराखाली. पावसाचा थेंब नाही लागलेला. मग हे ओलं राहिलंच कसं?"

तिघा भावंडांनी एकमेकांकडे बघितलं. चौथा, म्हणजे सूनबाईचा नवरा, जाळाकडे बघत राहिला. सूनबाईला उत्तर माहीत होतं. ते तिच्या जिभेच्या टोकावर होतं, दीड वर्षापासून होतं. तिने ओठ मिटून घेतले. हे मी बोलले तर भांडण होईल आणि लाकूड बाजूला राहील, ती मनाशी म्हणाली. भांडण उद्या. आज भट्टी.

*

दादांना सगळं स्वच्छ दिसत होतं. धूर असून दिसत होतं.

तीन वर्षांपूर्वी वाऱ्यासकट पाऊस आला आणि सगळा ढीग भिजला. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. नवं लाकूड आलं तेव्हा दादांनी स्वतः जाऊन जाड ताडपत्री आणली आणि ढीग चारही बाजूंनी गुंडाळला, बाळंतिणीला गुंडाळावं तसा. वर दोर आवळले. कुठून वाऱ्याची फट म्हणून ठेवली नाही. त्या दिवशी ही पोरगी येऊन म्हणाली होती, "दादा, वरून झाका, पण बाजू उघड्या ठेवा. ताज्या लाकडाला घाम येतो. वारा नसला तर तो घाम त्यातच जिरतो." आणि ते चार माणसांत म्हणाले होते, "सुताराच्या पोरींनी खुर्च्या कराव्या. भट्टी आम्हाला शिकवू नये." लोक हसले होते. तेही हसले होते.

परवा दोर सोडले तेव्हाच वास आला होता. कुबट. त्यांनी वरचे दोन थर कोरडे बघितले आणि मनाची समजूत घातली.

आता धाकट्याने दार उघडून दिलं होतं. भट्टी म्हातारी झाली. बस्स, एवढ्याला हो म्हणायचं. कुणी काही विचारणार नाही. भट्टी मानानं जाईल, वडिलांचं नाव निघेल, दोन माणसं डोळे पुसतील, आणि ताडपत्रीचं कुणाला आठवणारही नाही. खरं बोललं तर भट्टी कदाचित वाचेल, आणि आपण उरू ते साऱ्या गावात एवढे पावसाळे काढून सरपण ठेवता न आलेले म्हणून. त्यांनी सुनेकडे पाहिलं. ती बोलेल, याची ते वाट बघत होते. ती बोलली असती तर त्यांना रागावता आलं असतं. रागावणं त्यांना चांगलं जमतं.

पण ती बोलतच नव्हती. काजळीने काळं झालेलं तोंड मिटून, कमरेवर हात ठेवून उभी होती आणि त्यांच्याकडे सरळ बघत होती.

"मी गुंडाळलं," दादा म्हणाले.

"काय?" मास्तरणीने विचारलं.

"ताडपत्री. चारी बाजूंनी मी गुंडाळली. सूनबाई नको म्हणत होती. भट्टीला काही झालेलं नाही. भट्टी ठणठणीत आहे." हे बोलताना त्यांचा आवाज इतका लहान झाला की काकांना नीट ऐकूही आलं नाही, आणि मग ऐकू आलं तेव्हा काकांनी मान खाली घातली. मोठ्या भावाला असं बोलताना त्यांनी कधी ऐकलं नव्हतं, आणि ऐकायची इच्छाही नव्हती.

"ठीक आहे," सूनबाई म्हणाली. जणू त्यांनी तिला वेळ सांगितली होती. "मग आता कोरडं लाकूड पाहिजे."

"आता कुठून आणणार? वखार गावाबाहेर. लाकूड येऊन पोचेपर्यंत ही थंड होईल."

"घरात आहे."

"घरात?"

तिने वर बोट दाखवलं.

भट्टीच्या पाठीला लागून वरच्या मजल्यावर वाळवणीची खोली होती. ओली भांडी चाकावरून उतरली की फळ्यांवर ठेवून तिथं वाळत. चारशे फळ्या होत्या. पांढऱ्या, हलक्या लाकडाच्या, पुरुषभर लांब. पंचवीस वर्षं त्या भट्टीच्या उबेत राहिल्या होत्या. घरातच काय, साऱ्या गावात इतकं सुकं लाकूड नव्हतं.

काकांच्या तोंडून नुसतं "अगं" निघालं.

"त्या तुझ्या वडिलांनी केल्यात," मास्तरीण म्हणाली.

"मला माहितीय, आत्या. करवतीचं दुसरं टोक माझ्याच हातात होतं."

"नाही," दादा म्हणाले. "चूक माझी. फळ्या का जळाव्या? आणि फळ्या जाळल्यावर पुढचं काम कशावर ठेवायचं?"

"भट्टीच नसेल तर फळ्यांवर काय ठेवायचं?"

काका कोरडं हसले. "म्हणजे बघ. भाजली नाही तर मी जिंकलो, आणि भाजली तर तुमच्याकडे एक फळी नाही. दोन्हीकडून माझंच."

"तू खोकत बस," मास्तरीण म्हणाली. मग ती दादांकडे वळली. "दादा, मी सही धाकट्याच्या बाजूनं केली, हे तुला ठाऊक आहे. आज मी हिच्या बाजूनं आहे. खाली चार वाक्यं आणखी लिहून देऊ का?"

"नको," दादा म्हणाले. "चुका काढशील."

त्यांनी सुनेकडे बघितलं. तिने त्यांच्याकडे. नवरा डाव्या तोंडापाशी ओंडका हातात धरून थांबला होता.

"आण," दादा म्हणाले.

*

पण फळ्या लगेच घालायच्या नव्हत्या, आणि खरं कठीण होतं ते हेच.

सकाळपासून कोंबलेल्या ओंडक्यांचा भट्टीच्या तोंडात ढीग साचला होता. अर्धवट जळालेला, काळा, वारा अडवणारा. सुक्याबरोबर ओलं जळतं म्हणतात. इथं ओल्याखाली सुकं गुदमरत होतं. सूनबाईने खालची झडप पूर्ण उघडली, लांब आकड्याने राख पुढे ओढली आणि म्हणाली, "आता अर्धा तास काही घालायचं नाही."

"काही नाही?" नवऱ्याने विचारलं.

"काडीसुद्धा नाही. साचलंय ते जळू दे."

काटा उतरू लागला. अकराशे पन्नास. अकराशे पस्तीस. भट्टी उतरताना बघणं कुंभाराला जमत नाही. हात आपोआप लाकडाकडे जातो. अकराशे वीसला दादा बाकावरून उठले. त्यांच्या हातात ओंडका होता. तो कधी उचलला हे त्यांनाही कळलं नसावं. सूनबाई त्यांच्या आणि जाळाच्या मधे उभी राहिली.

"दादा, बसा."

बेचाळीस वर्षांत त्यांना भट्टीपाशी कुणी बसा म्हटलं नव्हतं. वडीलही म्हणत, उभा राहा.

"उतरतेय ती. दिसत नाही का तुला?"

"दिसतंय. पण तुम्ही आता एक जरी ओंडका घातलात तर सगळं संपलं. बसा."

ते बसले. ओंडका मांडीवर ठेवून, लेकरू घ्यावं तसा. नवऱ्याने आयुष्यात पहिल्यांदा आपल्या बायकोकडे थोडं भीतीने पाहिलं.

वरच्या खोलीतून फळ्या खाली येत होत्या. मास्तरीण जिन्यावर उभी राहून एकेक पुढे देत होती आणि मोजत होती. पहिली फळी हातात आली तेव्हा सूनबाईने ती उलटी केली. मागच्या बाजूला पेन्सिलीची रेघ होती, रंध्याच्या आधीची, वडिलांच्या हातची. अशा रेघा त्यांनी मागे प्रत्येक फळीवर मारल्या होत्या, कारण रेघ मारल्याशिवाय त्यांना लाकूड कापताच येत नसे. तिचे डोळे भरले. तिने ते पुसले नाहीत, पुसायला हात मोकळे नव्हते. कुऱ्हाडीचा घाव घातला आणि फळी तिरपी फुटली.

"अशी नाही." काका बाकावरून उठले. "अरे देवा. अशी नाही फोडत. दे इकडे." त्यांनी तिच्या हातातून कुऱ्हाड घेतली. "हरायला तयार आहे मी, पण ही नासाडी नाही बघवत. लाकडाच्या रेषांच्या दिशेनं फोडायची. बोटभर जाडी. जाड घातलीस तर आत जाईपर्यंत जाळ मरतो. बारीक घातली की लगेच भडकते आणि ज्वाळ लांब जाते, पार मागच्या रांजणापर्यंत." ते खोकले, थुंकले, पुन्हा घाव घातला. ढलप्या एकसारख्या पडू लागल्या.

"धाकट्या, तू कोणाच्या बाजूनं आहेस?" दादांनी विचारलं.

"गप्प बस. काम करू दे."

बारा चाळीसला, फळीची एक ढलपीही आत न टाकता, काटा थांबला. मग थरथरला आणि वर सरकला. धुराड्यातला काळा लोट पातळ होत गेला, करडा झाला, आणि मग धुराड्याच्या तोंडाशी नुसती थरथरणारी हवा उरली. मास्तरणीने वर बघून "वा!" म्हटलं, ते वर्गात एखाद्या ढ मुलाने बरोबर उत्तर दिल्यावर म्हणावं तसं.

"आता," सूनबाई म्हणाली. "मूठभर. दोन्ही तोंडांतून एकदम. जळून गेली की पुन्हा मूठभर. मी सांगेन तेव्हा."

ढलप्या आत गेल्या आणि भट्टी गरजली. दुसरा शब्द नाही. सकाळपासून जी रडत होती ती गरजली. पंचवीस वर्षांच्या उबेत सुकलेलं, त्याआधी कुठल्यातरी उतारावर तितकीच वर्षं उन्हात उभं राहिलेलं लाकूड एका दमात सगळं देऊन टाकत होतं. ओले ओंडकेही सूनबाईने वाया जाऊ दिले नाहीत. नवऱ्याकडून ते बारीक फोडून घेतले आणि तापलेल्या कमानीवर पसरायला लावले. त्यांच्यातून वाफ निघू लागली, आणि तासाभराने सुकले तसे तेही ढलप्यांत मिसळून आत जाऊ लागले. दादा ते वरखाली करत होते. कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनीच धरलं ते काम.

बाराशे. बाराशे दहा. तीन वाजता बाराशे पस्तीस, आणि तिथं पुन्हा घोडं अडलं. दोनशे सत्तर फळ्या गेल्या होत्या. मास्तरणीने आकडा सांगितला.

"धुराड्याची झडप थोडी लाव," दादा हळूच म्हणाले. मग सुनेकडे बघून, "म्हणजे, लावायची का? ज्वाळ मागे धुराड्यात पळतेय. सगळं बाहेर जातंय. थोडी अडवली तर आत रेंगाळेल."

सूनबाईने धुराड्याकडे बघितलं. वर हवेत ज्वाळेचं टोक दिसत होतं. हे तिच्या लक्षात आलं नव्हतं. लाकडाचं तिला कळत होतं, पण हे तिला माहीत नव्हतं.

"लावा," ती म्हणाली.

दादांनी झडप दोन बोटं सरकवली. काटा उठला.

पाच वाजून दहा मिनिटांनी कडी काढायची ठरली. मीटर काहीही म्हणो, भट्टी भाजली की नाही हे या घरात कडीच सांगते. रांजणांशेजारी मातीच्या चार कड्या ठेवलेल्या असतात, त्याच झिलईत बुडवलेल्या. झरोक्यातून लोखंडी सळई घालून एक बाहेर ओढायची आणि बघायची. कागदाच्या खाली मास्तरणीने एक ओळ घातली होती की कडी धाकटा काढेल, म्हणजे कुणाला शंका नको.

काकांनी तोंडाला ओला रुमाल बांधला, सळई आत घातली, आणि पांढऱ्या उजेडातून एक लाल थेंब बाहेर आणला. तो विटेवर ठेवला. सगळे वाकले. लाल होता तो तांबूस झाला, मग तपकिरी. काकांनी चिमट्यात धरून तो उजेडाकडे केला. बराच वेळ त्यांनी तो उलटासुलटा करून पाहिला.

ते "कच्ची" म्हणू शकत होते. ढलप्यांच्या शेवटच्या दोन टोपल्या उरल्या होत्या, त्यांनी तासभरसुद्धा निघाला नसता. एक शब्द पुरला असता. मग बटण, घर, झोप. सूनबाई त्यांच्या बोटांकडे बघत होती.

"च्यायला," काका म्हणाले. त्यांनी रुमाल खाली केला. "आरसा झालाय. बघा. माझं नाक दिसतंय यात."

मास्तरणीने चष्मा काढून पदराने पुसला आणि उलटा डोळ्याला लावला. नवरा म्हणाला, "झालं?" आणि बाकीच्या दिवसाची सगळी वाक्यं संपल्यासारखा जमिनीवर बसला. दादा काकांपाशी गेले, कडी हातात घेतली, गरम होती तरी घेतली, आणि धाकट्या भावाच्या पाठीवर हात फिरवला. "उद्यापासून तू धुरात यायचं नाहीस," ते म्हणाले. "घडवायचं तेवढं घडव. भाजायला आम्ही आहोत. हे मी आधीच म्हणायला हवं होतं." काकांना खोकला आला, की आला असं दाखवलं, ते काही कळलं नाही.

भट्टीची दोन्ही तोंडं विटांनी बंद केली, फटी मातीने लिंपल्या. आता तीन दिवस ती उघडायची नव्हती. सूनबाईने हात धुतले, तोंड धुतलं, आणि मग ती सरळ दादांसमोर येऊन उभी राहिली.

"दादा, मला आता बोलायचंय."

"बोल."

"दीड वर्षापूर्वी मी तुम्हाला सांगितलं होतं. चार माणसांत तुम्ही मला हसलात. आज माझ्या वडिलांच्या तीनशेऐंशी फळ्या गेल्या. मला त्याचं दुःख आहे आणि ते राहणार. भट्टी वाचली म्हणून ते जायचं नाही."

"हो," दादा म्हणाले.

"पुढच्या भट्टीला सरपण मी आणणार, मी रचणार. त्यात कुणाचा शब्द चालणार नाही."

"बरं."

"आणि जाळाजवळही माझाच शब्द. झडपेचं तुम्ही मला शिकवायचं. पण शब्द माझा."

मास्तरणीने काकांकडे बघितलं. काकांनी आकाशाकडे. ही मागणी या घरात आजवर कुठल्या मुलाने बापाकडे केली नव्हती. वडील गेल्यावर तो मान आपोआप मिळे, जिवंतपणी नाही. दादांच्या कपाळाची शीर उडाली. सगळ्यांना वाटलं, झालं, आता हे पेटणार.

"मग मी काय करायचं?" दादांनी विचारलं.

"ढिगात तीस-चाळीस ओंडके राहिलेत. ते कमानीवर ठेवले तर उद्यापर्यंत उबेत सुकतील, पण जाड आहेत. बारीक फोडून ठेवायला हवेत."

दादांनी अंगरख्याच्या बाह्या कोपरापर्यंत सारल्या आणि भोवताली नजर फिरवली.

"कुऱ्हाड कुठं ठेवलीस?" त्यांनी विचारलं.